बन्यालबुफार: आप्पांबरोबर पाच दिवस

पहिला दिवस

बार्सिलोनाहून रात्री निघालेली बोट सकाळी पाल्माच्या बंदरात शिरली तेव्हा आप्पा डेकवर कठडा धरून उभे होते. समोर किनाऱ्यावर पाल्माचं थोरलं चर्च कोवळ्या उन्हात पिवळंधमक दिसत होतं. मी उत्साहानं सांगायला लागले, की स्पेनचं हे मायोर्का बेट तीनशे वर्षं मुसलमान राजवटीत होतं, १२२९ साली आरागॉनच्या जाउमे राजानं ते जिंकलं, आणि जिथं मशीद होती तिथं हे चर्च उभं राहिलं. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. आन् द्राक्षाचा डोंगर कुठल्या अंगाला?"

आप्पा तासगाव तालुक्यातले. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. मी बार्सिलोनात राहायला लागल्याला नऊ वर्षं झाली, पण बाग सोडून ते यायचे नाहीत. या वर्षी धाकट्या काकांनी बागेची जबाबदारी घेतली तेव्हा कुठे आले, तेही ऑक्टोबर छाटणीच्या आत परत पोचवण्याच्या बोलीवर. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती आली नाही. आल्या आल्या आप्पांनी सांगून ठेवलं होतं, "तुमच्या हिकडं द्राक्षं कशी करत्यात तेवढं दाखव. बाकी काय न्हाय दाखवलंस तरी चालंल."

सपाटीवरच्या, ट्रॅक्टर फिरणाऱ्या बागा बार्सिलोनाजवळ हव्या तेवढ्या आहेत. पण मला त्यांना बन्यालबुफार दाखवायचं होतं. मायोर्काच्या वायव्य किनाऱ्याला त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे. ती सरळ समुद्रात उतरते, आणि त्या उतारावर पायऱ्या कोरल्यासारखी शेतं करून पाच-सहाशे वस्तीचं हे गाव बसलेलं आहे. पाल्मापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. पाल्मात आम्ही फक्त चहा घेतला आणि बसस्थानक गाठलं.

एस्पोर्लेस गाव मागे टाकलं की रस्ता ओकच्या दाट झाडीतून चढतो. मग एक खिंड येते, आणि उताराला लागल्यावर डाव्या-उजव्या हाताला नुसत्या दगडी भिंती. भिंत, वर अरुंद पट्टी, पुन्हा भिंत, पुन्हा पट्टी. खाली निळा समुद्र. आप्पा खिडकीला नाक लावून मोजत होते. "सतरा, अठरा, एकोनीस..." एकवीसला बस वळली आणि मोजणी तुटली. माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं दगड वाहिलं कुनी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे चार दिवस आम्ही तेच शोधत होतो असं म्हटलं तरी चालेल.

मुक्काम एका बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. त्यांनी संध्याकाळी टेबलावर पा अंब ओली मांडलं. नाव मोठं, गोष्ट साधी: जाड सालीचा पाव, त्यावर टोमॅटो चोळायचा, ऑलिव्हचं तेल ओतायचं, मीठ भुरभुरायचं. एनसाइमादा नावाचा गोल गुंडाळीचा गोड पाव इथला प्रसिद्ध, पण तो डुकराच्या चरबीत करतात, त्याच्या नावातला 'साइम' म्हणजे तीच चरबी. आप्पा माळकरी. मी बाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी तो निमूट उचलून आत नेला आणि अंजिरांची ताटली आणून ठेवली. आप्पांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, पावावरच्या तेलात कालवली, आणि बाईंनाही एक घास करून दिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोटं चाटून त्यांनी दुसरा घास मागितला.

दुसरा दिवस

पहाटे पाण्याच्या आवाजानं जाग आली. नळाचा नव्हे, पाटाचा. ओट्यावरून वाहणाऱ्या पाण्याला एक बारीक, सलग आवाज असतो. आप्पांची खाट रिकामी होती.

घराच्या मागच्या पायऱ्या उतरून गेले तर आप्पा एका दगडी पाटाच्या कडेला उकिडवे बसलेले, आणि पलीकडे ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा, हातात पातळ दगडी फळी आणि ओली चिंधी. ते पाटात फळी आडवी घालत होते, फटीत चिंधी कोंबत होते, आणि पाणी वळून त्यांच्या तुकड्यात शिरत होतं. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. आप्पांनी एका फटीकडे बोट दाखवलं, आजोबांनी तिथं चिंधी दाबली, दोघांनी मान हलवली.

"दारं धरत्यात," आप्पा मला म्हणाले, जणू एवढ्या लांब येऊन शेजारच्या मळ्यातच निघालो होतो.

मी दुभाषी झाले. आजोबा मायोर्की बोलत होते, म्हणजे बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेचीच इथली बोली, अधूनमधून मला स्पॅनिशचा आधार घ्यावा लागला. डोंगरात झरे आहेत. त्यांचं पाणी पाटानं गावात येतं. पाटाला इथं 'सिकिया' म्हणतात आणि साठवणीच्या उघड्या दगडी टाक्यांना 'सफरेच', दोन्ही शब्द मूळचे अरबी. पायऱ्यांची शेती आणि ही पाण्याची व्यवस्था, दोन्हींचा पाया मुसलमान राजवटीतल्या शेतकऱ्यांनी घातला. गावाच्या नावाचा अर्थही 'समुद्राकाठचा द्राक्षमळा' असाच सांगतात. राज्य बदललं, धर्म बदलला, पण पाट जिथं होते तिथंच राहिले, कारण पाणी उताराचं ऐकतं. पाणी पाळीनं मिळतं. कुठल्या तुकड्याला किती वेळ, ते ठरलेलं. जमीन विकली तर पाण्याची पाळी तिच्याबरोबर जाते.

"रातची पाळी आली तर?" आप्पांनी विचारलं.

"तर रात्री उठायचं," आजोबा म्हणाले.

आप्पा खूश झाले. आमच्याकडे पूर्व भागात म्हैसाळच्या योजनेचं पाणी यायच्या आधी विहिरीला जे काय असेल ते पाणी आणि रात्रीची वीज, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. रात्री दोनला बॅटरी घेऊन निघालेले आप्पा मला अजून दिसतात. पाळीच्या बाबतीत कुणी कुणाचं ऐकून घेत नाही, ही गोष्ट दोघांनी एकमेकांना हातवाऱ्यांनी सांगितली, अगदी भांडणाच्या अभिनयासकट.

आजोबांनीच दुपारी आम्हाला भिंतीच्या कामावर नेलं. मागच्या पावसाळ्यात, म्हणजे इथल्या शरद-हिवाळ्याच्या पावसात, एका भिंतीला पोट सुटलं होतं आणि वसंतात ती चार-पाच मीटर ढासळली होती. दोन माणसं ती पुन्हा रचत होती. अशा गवंड्यांना 'मर्जे' म्हणतात, आणि भिंतीमागच्या शेताच्या पट्टीला 'मर्जादा'. आप्पांनी शब्द दोनदा म्हणवून घेतला. "मर्जाद? आपली मर्जाद? म्हंजे हद्द?" शब्दांचं नातं काही नाही, मी जाणते. पण आप्पांच्या तोंडी मर्यादेचं मर्जाद होतंच, आणि शेताची हद्द धरून ठेवणाऱ्या गोष्टीला तेच नाव निघावं, याचा मला आनंद लपवता आला नाही.

आम्ही तिथं तीन तास बसलो. हे काम मी याआधी फोटोत पाहिलं होतं, पण फोटोत त्यातलं काहीच दिसत नाही.

भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड. आधी ढासळलेले दगड निवडून वेगळे करतात: पायाचे मोठे एकीकडे, तोंडाचे एकीकडे, माथ्याचे वेगळे, आणि मुठीएवढ्यांचा ढीग निराळा. दगड भिंतीत बसवताना त्याचा लांबट भाग आत, मातीकडे जातो, बाहेर दिसतं ते फक्त त्याचं तोंड. म्हणजे बाहेरून टीचभर दिसणारा दगड आत हातभर शिरलेला असतो. एका दगडाचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. भिंत सरळ उभी करायची नाही, डोंगराकडे थोडी कलती ठेवायची. आणि तोंडाच्या दगडांमागे बारीक दगडांची भरणी. ती भरणी कोण कशी करतो यावर भिंतीचं आयुष्य. पाऊस पडला की वरच्या पट्टीतलं पाणी त्या भरणीतून झिरपतं, फटींतून बाहेर येतं, माती मागे राहते. चुना घातला असता तर पाणी मागे तुंबलं असतं आणि भिंत आडवी झाली असती. फट ठेवली म्हणून भिंत उभी आहे.

त्यातला थोरला मर्जे एक दगड उचलायचा, हातात एकदा फिरवायचा, आणि ठेवायचा. हातोड्याचा उपयोग फार थोडा. मी पाहत होते, त्यानं उचललेला दगड परत ढिगात टाकला असं तासाभरात दोनदाच घडलं.

आप्पा गप्प बसले होते. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्साचा. आय आन् मी बांधाच्या कामावर होतो. खडी फोडायची, दगड वाहायचं, ताली घालायच्या. मुकादम होता म्हातारा, त्यो बी असाच दगड फिरवून बघायचा. म्हणायचा, दगडाला त्याची बसायची बाजू ठावं असती, आपुन तेवढी विचारायची."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. बहात्तरचं नाव घरात निघायचं ते दुष्काळात मिळालेल्या मिलो ज्वारीच्या आणि सुकडीच्या आठवणीत. आप्पांच्या हातांना दगडाची सवय आहे, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी भूमध्य समुद्राच्या काठी कळलं.

मी मर्जेला ते सांगितलं. त्यानं आप्पांकडे पाहिलं, आणि पायानं बारीक दगडांच्या ढिगाकडे खूण केली. आप्पांनी बाह्या सारल्या आणि संध्याकाळपर्यंत भरणी केली. मध्ये एकदा मर्जेनं त्यांची भरणी उपसून पुन्हा करायला लावली. दगड ओतायचे नाहीत, एकेक बसवायचा. आप्पांनी ते मुकाट मान्य केलं.

त्या दोघांतला धाकटा मायोर्काच्या सरकारी मर्जे-शाळेत शिकलेला. १९८० च्या दशकात हे काम येणारी माणसं संपत आली होती, तेव्हा बेटाच्या प्रशासनानं म्हाताऱ्या कारागिरांना गुरू करून तरुणांना शिकवायला सुरुवात केली. २०११ साली त्रामुंतानाला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, तेही जंगल म्हणून नव्हे, माणसानं घडवलेला डोंगर म्हणून. २०१८ साली कोरड्या दगडकामाची कला, स्पेन धरून युरोपातल्या आठ देशांची मिळून, वारशाच्या यादीत गेली. हे सगळं चांगलंच आहे. पण माझ्या मते त्या शाळेचं मोल या दोन्ही मानांहून जास्त, कारण भिंतीला दरवर्षी हात लागतो.

रात्री जेवताना आप्पांनी सांगितलं की ओढ्याकडच्या आमच्या शेताची दगडी ताल दोन वर्षांपूर्वी फुटली. काका म्हणतायत जेसीबी लावून मातीचा बांध घालू, दगड घेणारे गिऱ्हाईक आहे. एवढं सांगून ते झोपायला गेले.

तिसरा दिवस

आज द्राक्षं. सप्टेंबरचा पहिला आठवडा, तोडणी सुरू होती. घरमालकीणबाईंच्या भाच्याचे चार तुकडे आहेत, गावाच्या खालच्या अंगाला. उन्हाच्या आत काम उरकायचं म्हणून सातलाच निघालो.

इथली वेल मालवाझीया. पांढरी, सुवासिक, बियांची द्राक्षं. नावाचं मूळ ग्रीसमधल्या मोनेमवासिया बंदराशी सांगतात, जिथून एके काळी या नावाची गोड वाइन जहाजांनी जायची. या नावाच्या जाती अनेक आहेत, पण बन्यालबुफारची वेल, इटलीतल्या लिपारी बेटांवरची, दुब्रोवनिकची आणि बार्सिलोनाजवळच्या सिट्जेसची वेल एकच आहे, हे आता डीएनए तपासून सिद्ध झालंय. सिट्जेसमध्ये तर एका धर्मादाय इस्पितळानं आपल्या मळ्यात ही वेल जगवून ठेवली. ती मी पाहिली होती, तिच्यामुळेच मला या गावाचा पत्ता लागला.

पट्टी कुठे चार ओळींची, कुठे दोनच. वेली तारेवर चढवलेल्या, कमरेच्या उंचीच्या. आप्पांना आधी ते खटकलं. आमच्याकडे मांडव नाहीतर इंग्रजी वाय अक्षरासारखा आधार, माणूस खालून उभा चालतो, घड डोक्यावर. इथं वाकून किंवा गुडघ्यावर बसून तोडायचं. घडही लहान, सैल, मण्यांना सोनेरी झाक आणि उन्हाच्या बाजूला तांबूस ठिपके. "विरळनी केली न्हाय?" आप्पांनी विचारलं. भाच्यानं सांगितलं, ही वेल स्वतःच विरळ येते, आणि फार पाणी दिलं तर रागावते.

आप्पांनी एक मणी तोंडात टाकला. डोळे मिटून चावला, बी दातांनी फोडून बघितली, बोटावर घेतली. बी तपकिरी झालीय का, कुरकुरीत फुटते का, हे ते घरीही बघतात, मग साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर कितीही आकडा दाखवो. "भरलीय," ते म्हणाले. "पन साखरंच्या मागनं आंबट हाय अजून. ऱ्हाऊ द्यायची असती का तशीच?" भाचा हसला. वाइनसाठी तो आंबटपणा लागतोच, नाहीतर ती नुसती गोड, बसकी होते. आमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाला आणि बेदाण्याला गोडी हवी, इथं गोडी आणि आंबट यांची जोडी हवी. तोडणीचा दिवस त्या जोडीवर ठरतो. आप्पांनी हे मनात दोनदा घोळवलं असावं, कारण दुपारी त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

क्रेट भरले की अडचण सुरू होते. इथं ट्रॅक्टर येत नाही. भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या लांब दगडांच्या पायऱ्या असतात, अधांतरी, एकेक पाऊल मावेल एवढ्याच. त्या चढून पंधरा-एक किलोचा क्रेट खांद्यावर न्यायचा. मी दोन खेपा केल्या आणि मांड्या भरून आल्या. भाच्याची साठीची आई सहा खेपा करून पुन्हा कात्री घेऊन बसली.

दहाच्या सुमाराला सावलीत न्याहारी. तिथं त्या माउलीनं गावाची गोष्ट सांगितली, आणि ती गोष्ट ऐकताना आप्पांचा घास हातातच राहिला.

अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाची कीड युरोपात आली. माव्याच्या नात्यातली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी, मुळांवर जगणारी. फ्रान्सच्या बागा बसल्या, तेव्हा मायोर्काच्या वाइनला तिकडून मागणी आली आणि इथं जिथं जागा दिसली तिथं वेल लावली गेली. थोडी वर्षं पैसा आला. मग १८९१ साली कीड इथंही पोचली आणि बेटावरच्या बागा गेल्या. बन्यालबुफारनं वेली उपटल्या, त्याच पायऱ्यांवर, त्याच पाटांच्या पाण्यावर टोमॅटो लावले. टोमॅटो बार्सिलोनाला जायचे. तिच्या आजीनं जन्मभर टोमॅटोच केले, मालवाझीया हा शब्द आजीच्या लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला होता. आताची लागवड १९९० च्या दशकापासून थोड्या लोकांनी नेटानं परत आणली. आजही घरोघरी रामेयेत जातीचे टोमॅटो दोरीत ओवून आढ्याला टांगलेले दिसतात, हिवाळाभर टिकतात.

"मग किडीवर औषध काय निघालं?" आप्पांनी विचारलं.

औषध नाही, खुंट. अमेरिकी वेलींच्या मुळांना ती कीड फारसं काही करू शकत नाही. म्हणून त्यांचा खुंट जमिनीत आणि त्यावर युरोपी वेलीचं कलम. भाच्यानं एका खोडाची माती बाजूला सारून कलमाची गाठ दाखवली. आप्पा खाली बसले आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. आमच्या बागेत डॉगरिज खुंटावर सगळं उभं आहे. खारं पाणी, पाण्याची ओढ, हे सोसायला आप्पांनी तो लावला, तोही अमेरिकेतल्या टेक्सासचा. चाळीस वर्षं गाठ बांधणाऱ्या माणसाला ती गाठ मुळात कुठल्या संकटातून शिकली गेली हे आज कळलं.

संध्याकाळी भाच्याच्या तळघरात गेलो. मी वाइन चाखली. कोरडी, जर्दाळूचा आणि फुलांचा वास, शेवटी जिभेवर किंचित खारटपणा. आप्पांनी पेला हातात घेऊन फक्त वास घेतला. गळ्यातल्या माळेला हात लावून मला म्हणाले, "त्याला सांग, वाईट वाटून घिऊ नगंस. वास पोटभर घेतला." भाच्यानं त्यांच्यासाठी त्याच दिवशीच्या द्राक्षांचा ताजा रस चाळणीतून गाळून आणला. आप्पांनी तो उभ्या उभ्या दोन पेले प्यायला.

चौथा दिवस

पाय मोकळे करायचा दिवस. सकाळी गावातून पोर्त देस कानोंजे या लहानशा बंदरापर्यंत चालत गेलो, दीड तासाची वाट, बरीचशी पाइन आणि ओकच्या सावलीतून. वाटेत पाय ठेवायलाही दगडच बसवलेले. पोर्तवर समुद्रात डुंबलो. आप्पा गुडघाभर पाण्यात उभे राहिले, अर्घ्य दिलं, परत फिरलो.

सूर्य कलताना गावापासून दीड-एक किलोमीटरवरच्या तोरे देल व्हेर्जेर या टेहळणी बुरुजावर गेलो. कड्याच्या अगदी टोकाला, १५७९ साली बांधलेला. समुद्रावर चाच्यांची गलबतं दिसली की दिवसा धूर आणि रात्री जाळ करून पुढच्या बुरुजाला कळवायचं, तिथून पुढच्या, अशी साखळी. आत लोखंडी शिडी आहे. मी नको म्हणत असताना आप्पा चढले. वरून सगळ्या पायऱ्या एका नजरेत आल्या, तिरक्या उजेडात प्रत्येक भिंतीची सावली वेगळी. काही पट्ट्यांवर हिरवा रंग, पण खूपशा ओसाड, गवत माजलेल्या, दोन-तीन जागी भिंतींची तोंडं फुटून दगड खालच्या पट्टीत सांडलेले. वरून पाहिलं नसतं तर एवढं ओसाड आहे हे लक्षात आलं नसतं. तरुण माणसं पाल्माला नोकरीला जातात, घरं सुट्टीसाठी विकली जातात. मला त्या सांडलेल्या दगडांचं वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतंय.

पाचवा दिवस

दुपारची बस होती. सामान बांधून आप्पा सकाळीच भिंतीच्या कामावर जाऊन बसले. मी पोचले तेव्हा माथ्याचे दगड बसत होते. हे सगळ्यांत जड, सपाट, वरून माणूस चालला तरी हलायचे नाहीत असे. शेवटचा दगड थोरल्या मर्जेनं आप्पांना दिला. आप्पांनी तो मांडीवर टेकवला, एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, ठेवला. डगमगला. काढला, उलटा केला, ठेवला. मर्जेनं त्याच्यावर पाय देऊन दोनदा दाबून बघितलं, आणि काही न बोलता हत्यारं गोळा करायला लागला.

भाचा निरोपाला आला होता. ओल्या कागदात गुंडाळलेली मालवाझीयाची दोन काडकं आप्पांपुढे धरली, तासगावला लाव म्हणून. मी तोंड उघडायच्या आतच आप्पांनी त्याचा हात मिटवला. "न्हाय बाळा. तुमच्या बागा बसल्या त्या आशाच आलेल्या वेलीपायी न्हवं? मला ठावं हाय ही निरोगी हाय. पन न्हाय." मी सांगितल्यावर भाच्यानं ती काडकं खिशात घातली आणि आप्पांना मिठी मारली. आप्पांना मिठीची सवय नाही, ते हात खाली सोडून ताठ उभे राहिले, मग हळूच एक हात त्याच्या पाठीवर ठेवला.

थांब्यावर बसला वीस मिनिटं होती. आप्पांनी माझ्याकडून फोन घेतला आणि काकांना लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. पावसाचं विचारलं, आईनं औषध घेतलं का विचारलं, भुरी दिसतेय का विचारलं. मग म्हणाले, "आन् हे बघ, वड्याकडंच्या फुटक्या तालीचं दगड हायत न्हवं? त्या गिऱ्हाईकाला न्हाय म्हनून सांग. एक बी दगड हलवू दिऊ नगंस. बारीक बी न्हाय. बारीक तर आजाबात न्हाय."

बस आली. आप्पांनी फोन परत दिला आणि पिशवी उचलली.